धमनीची जखम आणि औषधाची मुदत

हृदयाच्या धमनीत ब्लॉकेज निघाले आणि ‘स्प्रिंग बसवली’, की धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत त्या माणसाचा आजार मिटला असे धरले जाते. सोलापूरला, बार्शीला, लातूरला किंवा पुण्याला नेले, दोन-तीन दिवसांत घरी आणले, छातीतली कळ थांबली. मग राहिले काय? या पुस्तकाचा विषय हे राहिलेलेच आहे. अडलेली धमनी फुग्याने रुंद करताना तिच्या भिंतीला जखम होते. ती जखम भरताना भिंत आतून जाड होत जाते आणि काही महिन्यांत धमनी पुन्हा अरुंद होऊ शकते. हे जाड होणे औषधाने आवरता येईल का, हा प्रश्न गेली चार-साडेचार दशके हृदयरोगतज्ज्ञांच्या मागे लागलेला आहे. त्याच्या उत्तरांचा इतिहास पाहिला तर माझ्या मते एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. कोणते औषध, या प्रश्नापेक्षा ते कुठे पोचवायचे, किती द्यायचे आणि किती काळ सांभाळायचे, या प्रश्नांवर इथे यश-अपयश ठरले. पैकी ‘कुठे’ आणि ‘किती’ यांचा निकाल प्रयोगशाळांनी व कारखान्यांनी लावला आहे. ‘किती काळ’ याचा निकाल मात्र रुग्णाच्या घरात लागतो, आणि आपली आरोग्यव्यवस्था त्या घरापर्यंत जेमतेम पोचते. पुढच्या प्रकरणांत येणारे रसायनशास्त्र व चाचण्यांचे तपशील वाचताना वाचकाने हे सूत्र हाताशी ठेवावे, म्हणून त्याचा विस्तार येथे करतो.

धमनीची भिंत तीन थरांची असते: आत एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर, मधे स्नायूपेशींचा थर आणि बाहेर तंतूंचे आवरण. आतले अस्तर दिसायला नगण्य. पण रक्त गोठू न देणे आणि मधल्या थरातल्या स्नायूपेशींना शांत ठेवणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे असतात. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये जाग्या माणसाच्या हृदयधमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला, तेव्हा छाती न उघडता अडथळा दूर करता येतो हे सिद्ध झाले. फुगा मेदाचा थर दाबतो, पण त्याच दाबाने अस्तर खरवडले जाते, मधला थर ताणला जातो, कुठे कुठे चिरतोही. उघड्या पडलेल्या जागी रक्तातल्या प्लेटलेट चिकटतात, त्यांच्यातून पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिने सुटतात, दाहाच्या पेशी जमतात. एरवी आकुंचन-प्रसरणाचे काम निमूट करणाऱ्या स्नायूपेशी ते काम सोडून विभाजन पावू लागतात, आतल्या बाजूला सरकतात आणि स्वतःभोवती तंतुमय द्रव्य साठवतात. हा नवा थर पहिल्या काही आठवड्यांत जोमाने वाढतो आणि साधारण तीन ते सहा महिन्यांत स्थिरावतो. नुसत्या फुग्याच्या काळात ३० ते ४० टक्के रुग्णांची धमनी सहा महिन्यांच्या आत पुन्हा अरुंद होत असे. यात ताणलेली भिंत मागे येणे आणि एकूण धमनीच आकसणे यांचाही वाटा होता. तो वाटा धातूच्या जाळीने जवळपास संपवला. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिख सिगवार्ट यांनी असे स्टेंट माणसाच्या हृदयधमनीत बसवले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील बेनेस्टेंट चाचणीत फुग्याच्या गटात ३२ टक्के, तर स्टेंटच्या गटात २२ टक्के रुग्णांची धमनी पुन्हा अरुंद झाली. सुधारणा खरी होती, पण तिची दुसरी बाजूही होती. जाळीच्या तारा भिंतीत रुतून कायमच्या बसतात, त्यामुळे जखम अधिक खोल होते आणि भिंतीची वाढ आधीपेक्षा जास्तच होते. धमनी आधी अधिक रुंद केलेली असते, म्हणून ही वाढ सामावून घेता येते, इतकेच. राहिलेले दुखणे आता निव्वळ भिंतीच्या जाडीचे होते आणि त्याला धातूकडे उत्तर नव्हते.

औषध म्हटले की पहिला विचार गोळीचा येतो, आणि गोळीच्या मार्गाने झालेली पीछेहाट हा या विषयातला सर्वांत बोधप्रद भाग आहे. १९७७ मध्येच, म्हणजे ग्रुंटझिग यांचा फुगा फुगला त्याच वर्षी, उंदरांच्या जखमी धमनीत हेपारिन या औषधामुळे स्नायूपेशींची वाढ रोखली जाते असे क्लोज व कार्नोव्हस्की यांनी दाखवले होते. १९८९ मध्ये रक्तदाबावरील सिलाझाप्रिल या औषधाने उंदरांच्या गळ्यातल्या धमनीतली वाढ विलक्षण प्रमाणात घटवली. सगळीकडे आशा पालवली. मग माणसांवरच्या चाचण्या झाल्या. १९९२ मध्ये मर्केटर चाचणीचा निकाल आला: सिलाझाप्रिलचा उपयोग शून्य. १९९४ मध्ये लोव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलवरचे औषध याच कामासाठी अपयशी ठरले. माशाच्या तेलानेही भरवशाचे काही दिले नाही. ट्रानिलास्ट या औषधावर तर ११,४८४ रुग्णांची प्रेस्टो नावाची चाचणी झाली. २००२ मध्ये तिचाही निकाल नकारार्थी आला. एवढ्या अपयशांचा अर्थ काय लावायचा? औषधे निकामी होती असे म्हणता येत नाही, कारण यातली कित्येक आपापल्या मूळ आजारावर आजही रोज वापरली जातात. फरक दोन जागी होता. उंदराची धमनी निरोगी होती. माणसाची वर्षानुवर्षे मेद, चुना आणि दाह साठलेली. आणि उंदराला वजनाच्या मानाने दिलेला डोस माणसाच्या कितीतरी पट मोठा होता. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगात पसरते; दोन सेंटिमीटर लांबीच्या जखमेच्या वाट्याला तिचा किती अंश येणार? तो अंश पुरेसा होईल इतकी गोळी वाढवली तर बाकीचे शरीर सोसणार नाही. अपवाद होते. माँट्रियलच्या चाचणीत १९९७ मध्ये प्रोब्युकोल या औषधाने फुग्यानंतरचे अरुंद होणे घटवले. २०१३ मध्ये ग्रीसमधील अभ्यासकांनी १९६ मधुमेही रुग्णांवर, साधा स्टेंट बसवल्यावर, कोल्चिसिन सहा महिने देऊन पाहिले. पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण ३३ वरून १६ टक्क्यांवर आले. कोल्चिसिन हे संधिवाताचे जुने, स्वस्त औषध. आपल्या डोंगरकपारीत उगवणाऱ्या कळलावीतही ते असते (म्हणून कोणी कळलावी उकळून पिऊ नये, ती जीवघेणी विषारी आहे). हे अपवाद लहान अभ्यासांचे आहेत हे खरे. पण स्वस्त औषधांवर मोठी चाचणी करायला पैसा कोण घालणार, हा प्रश्नही त्यांच्याबरोबर येतोच.

वाट सापडली ती औषध जखमेवरच नेऊन ठेवण्यात. धाराशिवच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. कमी पाण्यात बाग जगवायची तर रान भिजवत बसत नाहीत, ठिबकची नळी मुळाशी नेतात. स्टेंटच्या तारांवर पॉलिमरचा पातळ थर, त्यात औषध, आणि ते काही आठवडे हळूहळू भिंतीत झिरपत राहील अशी योजना. पहिले यशस्वी औषध सिरोलिमस. त्याचा उगम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावरच्या मातीत आहे. १९६४ मध्ये कॅनडाच्या मोहिमेने आणलेल्या त्या मातीतल्या जिवाणूपासून माँट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य वेगळे केले. ते आधी बुरशीनाशक म्हणून पाहिले गेले, मग मूत्रपिंड प्रत्यारोपणात शरीराने नवा अवयव नाकारू नये यासाठी १९९९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. पेशीला विभाजनाच्या उंबरठ्यावर थांबवणे हा त्याचा गुण, आणि धमनीच्या भिंतीत नेमके तेच हवे होते. डिसेंबर १९९९ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलो येथे एदुआर्दो सौसा यांनी असा स्टेंट पहिल्यांदा माणसात बसवला. २००२ मध्ये २३८ रुग्णांच्या रॅव्हेल चाचणीचा निकाल आला: सहा महिन्यांनी साध्या स्टेंटच्या गटात २६.६ टक्के, औषधी स्टेंटच्या गटात शून्य. प्रत्यारोपणाचा रुग्ण हे औषध रोज मिलिग्रॅमच्या मापात घेतो. नेहमीच्या लांबीच्या त्या स्टेंटवर सगळे मिळून मिलिग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याहून कमी औषध होते. ज्या कामात हजारो रुग्णांनी महिनोन्महिने घेतलेल्या गोळ्या हरल्या, ते या चिमूटभर औषधाने योग्य जागी बसून केले.

दुसरे औषध पॅक्लिटॅक्सेल, आणि त्याची कुळकथा आपल्या जवळची आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू वृक्षाच्या सालीतून हे द्रव्य वेगळे करून त्याची रचना ज्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली, त्या नॉर्थ कॅरोलिनातील संशोधकांत मन्रो वॉल यांच्या बरोबरीने मनसुख वाणी होते. वाणी यांचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. रसायनशास्त्राचे शिक्षण मुंबई विद्यापीठात. (नीती आयोगाने २०१८ मध्ये मागास म्हणून निवडलेल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत महाराष्ट्रातून जी चार नावे आली, त्यांत नंदुरबार आणि तेव्हाचे उस्मानाबाद दोन्ही आहेत.) कॅन्सरवर गाजलेले हे औषध २००४ पासून अमेरिकेतही स्टेंटवर आले. पुढे त्याची पीछेहाट झाली आणि ती भारतीय रुग्णांतच स्पष्ट दिसली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टक्सीडो-इंडिया चाचणीत १,८३० मधुमेही रुग्णांमध्ये पॅक्लिटॅक्सेलचा स्टेंट सिरोलिमसच्या वंशातल्या एव्हरोलिमसच्या स्टेंटपेक्षा कमी पडला. वर्षभरात उपचार फसण्याचे प्रमाण ५.६ विरुद्ध २.९ टक्के होते. आज हृदयाच्या स्टेंटवर सिरोलिमसचेच कुळ दिसते. पॅक्लिटॅक्सेल मात्र औषध लावलेल्या फुग्यांवर टिकून आहे. ते भिंतीत चटकन शिरते आणि रेंगाळते, त्यामुळे अर्ध्या-एक मिनिटाच्या स्पर्शातही काम होते.

इथवरची गोष्ट विजयाची वाटते. पण पेशींची वाढ थांबवणारे औषध वाईट वाढ आणि चांगली वाढ यांत भेद करत नाही. स्नायूपेशी थांबतात, तशा तारांवर नवे अस्तर पसरवणाऱ्या पेशीही थांबतात. अस्तराने न झाकलेली तार म्हणजे रक्ताला गोठण्यासाठी मिळालेली उघडी जागा. २००६ मध्ये बार्सिलोनाच्या युरोपीय हृदयरोग परिषदेत औषधी स्टेंटमध्ये उशिरा होणाऱ्या गुठळ्यांचा प्रश्न उसळला आणि काही काळ या स्टेंटवरचा विश्वासच डळमळला. भिंत हळूहळू जाड झाली तर छातीत पुन्हा दुखू लागते, माणूस डॉक्टरकडे जातो, वेळ मिळतो. स्टेंटमध्ये अचानक गुठळी झाली तर मोठा झटका येतो आणि बऱ्याचदा मृत्यू. म्हणजे पहिल्या पिढीच्या औषधी स्टेंटने वारंवार येणारे पण सोसण्याजोगे संकट कमी केले आणि त्याबदल्यात क्वचित येणारे पण घातक संकट थोडे वाढवले. त्यावरचा उपाय अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांची जोडी. आजच्या पातळ तारांच्या, सुधारित पॉलिमरच्या स्टेंटनंतर हे संकट पुष्कळ कमी झाले आहे. तरीही झटका न येता स्टेंट बसवला असेल तर साधारण सहा महिने आणि झटक्यानंतर बसवला असेल तर साधारण वर्षभर ही जोडी घ्यावी असा प्रघात आहे, आणि ती संपल्यावरही एक गोळी चालू राहते. ती मध्येच सोडली तर काय होते? अमेरिकेतील प्रीमियर या नोंदवहीत झटक्यानंतर औषधी स्टेंट बसवलेले ५०० रुग्ण होते. त्यांपैकी दर सातांतल्या एकाने महिन्याभरातच क्लोपिडोग्रेलच्या वर्गातली गोळी बंद केलेली होती. पुढच्या ११ महिन्यांत गोळी सोडणाऱ्यांपैकी ७.५ टक्के दगावले, चालू ठेवणाऱ्यांपैकी ०.७ टक्के. गोळी सोडणारे बाकी बाबतींतही अधिक आजारी व गरीब होते, त्यामुळे सगळा फरक गोळीचा नव्हे, असा आक्षेप रास्त आहे. पण तो आक्षेप मान्य केला तर धाराशिवची चिंता वाढतेच, कारण गोळी कोण सोडतो याचे वर्णन करताना त्या अभ्यासाने वय, कमी शिक्षण आणि खर्चामुळे उपचार टाळणे हीच लक्षणे नोंदवली होती.

आता या जिल्ह्याकडे येऊ. २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेसोळा लाख वस्ती, आठ तालुके, उमरग्यापासून परंड्यापर्यंत पसरलेला अवर्षणप्रवण प्रदेश. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे आले ते २०२२ मध्ये. हृदयाच्या उपचारासाठी जिल्ह्याबाहेर जाणे ही इथली जुनी रीत आहे आणि तो उपचार आता पूर्वीइतका आवाक्याबाहेर नाही, हेही सांगितले पाहिजे. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये निवडक जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरपासून राज्यभर गेली, २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. पिवळ्या-केशरी रेशनकार्डाबरोबरच, शेतकरी आत्महत्यांमुळे निवडलेल्या १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही तिचा लाभ दिला गेला, आणि त्या १४ मध्ये हा जिल्हा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये केली. तोवर त्याची सरासरी छापील किंमत १ लाख २१ हजारांच्या घरात होती. सुरतेच्या कंपनीने बनवलेला सिरोलिमसचा स्टेंट युरोपातल्या १,४३५ रुग्णांच्या चाचणीत नावाजलेल्या अमेरिकी स्टेंटच्या बरोबरीने टिकला, हे २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आले. थोडक्यात, वस्तू मिळते, चांगली मिळते आणि पुष्कळांना फुकट मिळते.

अडचण वस्तू मिळाल्यानंतर सुरू होते. योजनेच्या मूळ रचनेत रुग्णालयातून सोडल्यावर दहा दिवसांची औषधे धरलेली होती. निवडक उपचारांसाठी पाठपुराव्याची १२१ पॅकेजेस होती, पण त्यासाठी रुग्णाने पुन्हा योजनेतले रुग्णालय गाठायचे, म्हणजे बहुधा पुन्हा सोलापूर किंवा लातूर, पुन्हा एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. दहा दिवस आणि सहा ते बारा महिने यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्याच अंतरात धमनीची भिंत भरत असते. त्यात या जिल्ह्याचे वर्ष कसे चालते ते पाहा. भूम, वाशी, कळंब, परंडा भागातल्या टोळ्या दसऱ्या-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. भाद्रपदात ज्याला स्टेंट बसला, त्याचे गोळ्यांचे सहा महिने जवळपास पूर्ण गाळप हंगामात जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, एका दिवसाच्या खाड्याचे पैसे कापले जातात, मुक्कामाचे गाव दर काही दिवसांनी बदलते. रुग्ण स्वतः गेला नाही आणि वयामुळे घरी राहिला, तर गोळ्या आणून देणारे हात गेलेले असतात. गोळी महाग आहे म्हणून सुटते असे नाही. जेनेरिक क्लोपिडोग्रेल दिवसाला काही रुपयांत मिळते. ती सुटते कारण कागदावर ‘चालू ठेवा’ एवढेच लिहिलेले असते, कधीपर्यंत आणि न घेतल्यास काय होईल ते नसते. पित्त होते म्हणून सुटते. दात काढायचा असतो म्हणून कोणी थांबवायला सांगतो आणि पुन्हा सुरू करायला कोणी सांगत नाही.

यावर एक सरळ वाटणारा सल्ला दिला जातो: ज्या भागात गोळ्यांची शाश्वती नाही, तिथे औषधी स्टेंट बसवूच नये, साधा बसवावा, एक महिना गोळ्या घेतल्या की झाले. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हा सल्ला शहाणपणाचा होता. आज तो टिकत नाही. २०१५ च्या लीडर्स-फ्री चाचणीत रक्तस्रावाचा धोका असलेल्या २,४६६ रुग्णांना गोळ्यांची जोडी मुद्दाम एकच महिना देण्यात आली. अर्ध्यांना साधा स्टेंट, अर्ध्यांना पॉलिमरविना औषध लावलेला. कमी गोळ्यांवरही औषधी स्टेंट अधिक सुरक्षित आणि अधिक परिणामकारक निघाला. तेव्हा गरिबासाठी दुय्यम वस्तू, ही पळवाट बंद झाली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नॉर्वेतील ९,०१३ रुग्णांच्या नॉरस्टेंट चाचणीत सहा वर्षांनंतर मृत्यू किंवा झटका यांत औषधी आणि साध्या स्टेंटमध्ये फरक आढळला नाही; फरक पडला तो पुन्हा करावी लागणारी प्रक्रिया टळण्यात, १९.८ वरून १६.५ टक्के. मग एवढा आटापिटा कशासाठी? नॉर्वेतल्या रुग्णाला दुसरी अँजिओप्लास्टी म्हणजे एक गैरसोय आहे. लोहाऱ्यातल्या अल्पभूधारकाला ती कर्ज, विकलेले जनावर आणि बुडालेला हंगाम असू शकते, आणि अनेकदा ती होतच नाही. माणूस छातीतले दुखणे अंगावर काढतो. जो फायदा तिकडे साडेतीन टक्क्यांहून कमी दिसतो, त्याची किंमत इथे वेगळी आहे. तिसरा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. २०२० च्या इस्केमिया चाचणीने, ५,१७९ रुग्णांत, दाखवले की आजार स्थिर असलेल्या बहुतेकांना आधी स्टेंट बसवल्याने मृत्यू वा झटके कमी होत नाहीत. नीट दिलेली औषधे तेवढीच उपयोगी पडतात. झटक्याच्या वेळी मात्र अडलेली धमनी ताबडतोब उघडणे जीव वाचवते, ती गोष्ट वेगळी. जी जखम करण्याची गरजच नव्हती, तिच्या भरण्यावरचे सर्वोत्तम औषध म्हणजे ती न करणे. हे वाक्य हृदयरोगतज्ज्ञांच्या सभेत फारसे ऐकू येत नाही.

मधुमेह्यांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्यांची भिंत इतरांपेक्षा अधिक जोमाने जाड होते, आणि औषधी स्टेंटनेही ते अंतर पूर्ण बुजत नाही. एकाहून अधिक धमन्या अडलेल्या मधुमेह्यांत बायपास शस्त्रक्रिया औषधी स्टेंटपेक्षा सरस ठरते, हे २०१२ च्या फ्रीडम चाचणीने दाखवले आहे. योजनेत दोन्ही बसत असताना रुग्णाला हा पर्याय समजावून सांगितला जातो का, हे पाहिले पाहिजे. तंबाखू, बिडी, आणि बायकांमधली मिश्री यांच्याबद्दल पुढे सविस्तर आले आहे, म्हणून इथे थांबतो.

‘जिथे साधी रक्तदाबाची गोळी नियमित मिळण्याची मारामार, तिथे धमनीच्या भिंतीतल्या पेशींची चर्चा हा शहरी शौक आहे’ असे म्हणणारे भेटतात. त्यांनी डायलिसिसच्या खाटेकडे पाहावे. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाच्या हातावर धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलेला असतो. आठवड्यातून दोन-तीनदा त्यात सुया जातात. धमनीचा जोर शिरेला सोसण्याची सवय नसते, जोडाजवळ तिची भिंत जाड होत जाते आणि एक दिवस फिस्टुला बंद पडतो. प्रक्रिया तीच, पेशी त्याच. फक्त इथला रुग्ण बहुधा अधिक गरीब आणि त्याच्याकडे फिस्टुला करण्यासारख्या जागा मोजक्या. ८७७ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत क्लोपिडोग्रेल दिल्यावर फिस्टुला लवकर गोठण्याचे प्रमाण १९.५ वरून १२.२ टक्क्यांवर आले, परंतु डायलिसिसला चालतील असे फिस्टुला वाढले नाहीत. गोठणे थांबवणे आणि भिंत आवरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्वच्छ कुठे दिसणार? भिंतीवर परिणाम दिसला तो पॅक्लिटॅक्सेल लावलेल्या फुग्याचा: २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी ८२.२ टक्के फिस्टुला वाहते होते, साध्या फुग्याने ५९.५ टक्के. पायाच्या धमन्यांत याच औषधाने मृत्यू वाढतात अशी शंका २०१८ मध्ये घेतली गेली होती. अधिक माहिती तपासून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये ती आधारहीन ठरवली.

जिल्ह्याला करता येण्याजोगे काय, याचा ऊहापोह शेवटच्या प्रकरणात आहे. त्यातल्या मागण्या मुद्दाम लहान ठेवल्या आहेत. डिस्चार्ज कार्डावर स्टेंटची तारीख, प्रकार आणि दुसरी गोळी थांबवण्याची तारीख मराठीत, मोठ्या अक्षरांत. ते कार्ड प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रक्तदाब-मधुमेहाच्या नोंदीला जोडलेले. हंगामावर निघणाऱ्याला एका महिन्याऐवजी पाच महिन्यांच्या गोळ्या एकदम. आशाताईंवर आणखी एक ओझे, हा आक्षेप यावर येईल आणि तो खोटा नाही. पण ज्यांना स्टेंट बसला आहे अशी माणसे एका गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात, आणि गावातल्याच बाईला शिकवून तिच्याकडून आरोग्याचे काम नीट होते हे या जिल्ह्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या भारतवैद्य कार्यकर्त्यांनी आशा योजनेच्या आधीच दाखवलेले आहे. पाच महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याला औषधभांडाराचे नियम आडवे येतात की फक्त सवय, हे तालुकावार तपासावे लागेल. ते काम भूम आणि वाशीपासून, आणि दसऱ्याच्या आधी सुरू करणे सोयीचे.